सुट्टीत पाहिलेला गड

२ सप्टेंबर

प्रकाशक दर नव्या वर्षाला यांच्यासाठी जाड पुठ्ठ्याची डायरी पाठवतात. यंदाची सप्टेंबर उजाडला तरी कोरीच होती. आज सकाळी यांनी ती माझ्यापुढे सरकवली. म्हणाले, "तूच लिही काहीतरी. मला हल्ली लिहायचा कंटाळा येतो." लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाने मला स्वतःची पेन्सिलसुद्धा कधी वापरू दिली नाही. आणि आज अख्खी डायरी. सूर्य नेहमीच्याच बाजूला उगवलाय ना, ते गॅलरीत जाऊन पाहून आले.

तर लिहिते. आजही आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवलो, कारण जेवणाच्या टेबलावर लढाई चालू आहे. हे लढायांचा इतिहास लिहितात. जगातल्या मोठ्या लढायांचा नाही, आपल्याच मुलखात झालेल्या बारक्या लढायांचा, ज्यांना मोठे लेखक एका ओळीत उरकतात. प्रत्येक लढाई आधी आमच्या टेबलावर होते. जाड पुस्तकं म्हणजे डोंगर, माझी निळी ओढणी म्हणजे नदी आणि माझ्या शिवणाच्या डब्यातली बटणं म्हणजे सैन्य. घरातल्या एकाही शर्टाला सगळी बटणं नाहीत, कारण ती आघाडीवर आहेत. शेजारपाजारचे यांना 'सेनापती' म्हणतात. यांना वाटतं, आदराने म्हणतात.

५ सप्टेंबर

प्रकाशक येऊन गेले. यांच्या पहिल्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघतेय. ऑक्टोबरअखेर छापायला जायला हवी. जाताना म्हणाले, "सर, एक शब्दही बदलू नका. लोकांना पाठ आहे ते."

त्यांचं खरं आहे. त्या पुस्तकातली लढाई अशी. गडाला वेढा पडला होता. बाहेरून एक नायक कुमक घेऊन रात्रभर चालत खिंडीत आला. ठरलं असं होतं की गडावर निशाण फडकतंय तोवर गड आपला, तेव्हा पुढे यायचं. निशाण नसेल तर गड पडला असं समजून माघारी फिरायचं. नायक पहाटे खिंडीच्या वळणावर पोचला, त्याने गडाकडे पाहिलं आणि तो माघारी फिरला. निशाण मात्र संध्याकाळपर्यंत जागच्या जागी होतं. संध्याकाळी गड पडला आणि आतली माणसं मारली गेली. नायक मरेपर्यंत एकच सांगत राहिला, निशाण दिसलं नाही. त्यावर यांनी तरुणपणी लिहिलं, "ज्याला जायचंच नसतं, त्याला निशाण दिसत नाही." या एका वाक्याने यांचं नाव झालं. ते शाळेच्या धड्यात गेलं. सभेत, लग्नात, भांडणात, कुठेही लोक ते ऐकवतात. माझ्या सासूबाईसुद्धा मी बोलावल्यावर लगेच आले नाही तर ऐकवायच्या.

९ सप्टेंबर

आता नवीनच खूळ. मुद्रितं, म्हणजे छापण्याआधी तपासायची पानं, मी मोठ्याने वाचायची आणि यांनी डोळे मिटून ऐकायची. म्हणे ऐकलं की वाक्याचा लंगडेपणा कळतो. घरचं झालं थोडं नि व्याह्याने धाडलं घोडं, असं झालंय माझं. पण वाचायला लागले की वेळ जातो, खोटं कशाला बोलू.

आज ते वाक्य आलं. यांनी मला ते पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, "मरेपर्यंत एकच खोटं कोण बोलतं गं?"

"तुम्ही," मी म्हटलं. "रोज सकाळी म्हणता, झोप छान लागली."

हसले नाहीत. टेबलापाशी जाऊन बटणं हलवत बसले. मी चहा घेऊन गेले तर अख्खी कुमक नदीत. मी म्हटलं, बुडाली की सगळी. हे म्हणाले, "नवा विचार करतोय." कुमकेच्या पुढे तो नायक असतो, अर्धं तुटलेलं काळं बटण. पहिल्यापासून त्याच्यासाठी तेच आहे.

मी केस कापले. मानेपर्यंत. चार दिवस झाले, यांच्या लक्षातही नाही. कुठल्या लढाईत कुठल्या घोड्याची शेपूट कापली होती ते मात्र विचारा.

१४ सप्टेंबर

हे डोळ्यांच्या डॉक्टरांकडे एकटेच जाऊन आले. मी येते म्हटलं तर नको म्हणाले. आल्यावर सांगितलं, डोळे ठणठणीत, नवा चष्मासुद्धा नको. पायात एक तपकिरी बूट होता आणि एक काळा. डॉक्टरांनी डोळे पाहिले, बूट पाहिले नसावेत.

लेकीचा फोन आला. "आई, बाबा फोनवर हल्ली फार बोलत नाहीत. तुम्ही दोघं इकडेच या ना राहायला." तिच्या घरी चौथ्या मजल्यावर, एका खोलीत. मी म्हटलं, बाबांना काही झालेलं नाही, म्हातारपण आलंय. पहिल्यापासूनचा वेंधळेपणा आता पिकलाय इतकंच. काल पाणी पेल्याच्या शेजारी ओतलं. दोष पेल्याचा.

यांना खरं तर सैन्यात जायचं होतं. तळपाय सपाट म्हणून घेतलं नाही. मग शाळेत इतिहास शिकवायला लागले आणि शाळेला सुट्टी लागली की पाठीला पिशवी लावून निघायचे. जी जमीन पायाखाली घातली नाही तिच्याबद्दल लिहायचं नाही, हा यांचा कायदा. त्या सपाट पायांनी यांनी या मुलखातली प्रत्येक खिंड आणि प्रत्येक उतार पालथा घातला. मी पिशवी भरून द्यायचे. लेक लहान, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मी कुठली जाणार? यांनी विचारलंही नाही कधी. विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं, पण विचारायला काय झालं होतं?

२१ सप्टेंबर

विचारलं.

वाटाणे सोलत होते. हे समोर येऊन बसले आणि म्हणाले, "खिंडीत जाऊन येऊ. कुमक ज्या दिवसांत आली होती ना, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, तेव्हाच. तू चल बरोबर."

"मी कशाला? मला काय कळतं त्यातलं?"

"तुला कळत नाही म्हणूनच. तू नुसतं बघायचं आणि दिसेल ते मला सांगायचं."

वरवर मी कुरकुर केली. गुडघे दुखतात, घराला कुलूप लावायचं म्हणजे वैताग, असं सगळं म्हणून घेतलं. मग आत जाऊन कपाटावरची जुनी पिशवी काढली आणि पुसली. तिच्या एका कप्प्यात वाळलेलं गवत निघालं. कुठल्या लढाईचं कोण जाणे. मला इतका आनंद झालाय की माझी मलाच लाज वाटते.

५ ऑक्टोबर

पोचलो. खिंडीच्या पायथ्याशी एक खाणावळ आहे, वर राहायला दोन खोल्या. चालवणाऱ्या बाई आमच्या लेकीपेक्षा थोड्या मोठ्या, कामाला चटपटीत. नावनोंदणी करताना यांचं नाव वाचलं आणि त्यांचा हात थांबला. "पुस्तकवाले?" त्यांनी विचारलं. हे खुलले. म्हणाले, "वाचलंय वाटतं?"

"नाही. पण घरात माहीत आहे सगळ्यांना. तो नायक आमच्याच घरातला."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. बाई मात्र शांत होत्या. किल्ली दिली, गरम पाणी कधी येतं ते सांगितलं. मग जिन्याशी मला एकटीला गाठून म्हणाल्या, "राग नाही हो काकू. जुन्या गोष्टी आहेत. फक्त माझा मुलगा, ज्या दिवशी वर्गात तो धडा होता ना, त्या दिवशी शाळेत गेला नाही. पोटात दुखतंय म्हणाला. मीही नाही पाठवलं."

मी हे यांना सांगितलं. जेवले नाहीत नीट. उचलली जीभ लावली टाळ्याला असं यांनी कधी केलं नाही, प्रत्येक ओळीला चार पुरावे शोधणारा माणूस. पण या एका ओळीला पुरावा होता तो फक्त यांच्या डोळ्यांचा. वळणावर उभं राहून यांनी गड लख्ख पाहिला होता.

येताना बसमध्ये आणि इथल्या रस्त्यावरही यांनी माझा दंड धरून ठेवला होता. मी म्हटलं, अहो, लोक बघतायत. हे म्हणाले, बघू देत. या वयात हे काय सुचलंय यांना?

६ ऑक्टोबर

आल्या आल्या लिहायला बसले.

जीपवाल्याने उजाडता उजाडता वळणाच्या अलीकडे सोडलं. पुढची वाट पायी, एका बाजूला दगडी कडा, दुसऱ्या बाजूला दरी. हे माझा हात धरून चालत होते आणि पोराच्या उत्साहाने बोलत होते. इथे कुमकेने ओझी उतरवली असतील, इथे नायक एकटा पुढे झाला असेल. वळणावर थांबले, म्हणाले, "आता समोर बघ. दरीपलीकडे गड. दोन बुरूज, डावा जरा उंच. त्याच्यावर निशाणाची काठी असायची. सांग काय दिसतंय."

मी पाहिलं. खाली नदी असणार, पण नदी नाही, दरी नाही, पलीकडचा डोंगर नाही. ताक घुसळून ओतल्यासारखं सगळं पांढरं. मी म्हटलं, "काहीच नाही. धुकं आहे."

"नीट बघ."

"नीटच बघतेय. तुम्हीच बघा की, तुमच्या समोर…"

आणि मी वळून यांच्याकडे पाहिलं. हे मान उंच करून, डोळे बारीक करून, अगदी मन लावून पाहत होते. दगडी कड्याकडे. दरीकडे यांची पाठ होती.

मला एकदम सगळं कळलं. डायरी, मुद्रितं, बूट, पेला, नदीत बुडालेली कुमक, धरलेला दंड. केस दिसले नाहीत म्हणून मी मनात रुसून बसले होते. कसली बाई मी. आधी राग आला, सपाटून राग आला, की माझ्यापासून लपवलं. मग रडू आलं. पण आवाज केला नाही. यांच्या दोन्ही खांद्यांना धरलं आणि हळूच दरीकडे तोंड करून उभं केलं.

यांनाही कळलं. मग म्हणाले, "कडेकडेचं दिसतं अजून. मधलं गेलं. डॉक्टर म्हणाले, परत येणार नाही."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू लेकीकडे हलवलं असतंस. टेबल तिथे मावत नाही."

पदराने यांचं नाक पुसलं, मग माझं. तेवढ्यात हे म्हणाले, "थांब. धुकं म्हणालीस? खरंच काही दिसत नाही? का मला बरं वाटावं म्हणून…"

"अहो, मला तुम्ही सोडून काही दिसत नाहीये इथे."

हे मटकन दगडावर बसले. "मी चार वेळा आलो इथे. चारही वेळा गड लख्ख दिसला."

"चारही वेळा कधी आला होतात?" मी विचारलं. "उन्हाळ्याच्या सुट्टीत. पाठीची सालं निघायची तुमच्या, मीच लोणी लावायचे. ऑक्टोबरमध्ये शाळा असते. हेडमास्तर सोडायचे थोडेच तुम्हाला."

यांनी कपाळावर हात मारला आणि हसायला लागले, पण ते हसणं ऐकवत नव्हतं. "सगळ्या लढाया मी सुट्टीत पाहिल्या गं. जसा काही इतिहास शाळेचं वेळापत्रक बघून घडत होता."

ऊन वर आल्यावर धुकं हळूहळू विरलं आणि गड बाहेर आला. दोन बुरूज, डावा जरा उंच, यांनी सांगितला तसाच. मी तसं सांगितलं. यांनी मान डोलावली.

७ ऑक्टोबर

एका सकाळीवरून निकाल द्यायचा नाही, म्हणतात. आणखी दोन सकाळी पाहायच्या. आज पुन्हा वळणावर गेलो. पुन्हा धुकं. यांनी खोदून खोदून विचारलं, जवळचं झाड दिसतं का, त्याच्यापुढचा दगड दिसतो का. साक्षीदाराची उलटतपासणी करावी तशी. मी म्हटलं, लग्नाच्या वेळी एवढी चौकशी केली असतीत तर बरं झालं असतं.

परत आल्यावर खाणावळीतल्या बाईंनी विचारलं, "रोज पहाटे काय पाहताय?" यांनी नुसतं "गड" म्हटलं. बाईंनी आणखी काही विचारलं नाही, चहा मात्र न मागता दिला.

८ ऑक्टोबर

आज धुकं पातळ होतं. वळणावर पोचलो आणि मी समोर पाहिलं. डावा बुरूज दिसत होता. अंधुक, दुधात माशी पडावी तेवढा, पण दिसत होता.

हे वाट पाहत उभे होते. मला त्या बाई आठवल्या, पोटात दुखतंय म्हणून घरी राहिलेला तो मुलगा आठवला. आणि हे, काल रात्री किती हलके होऊन झोपले होते. मी नुसतं "काही नाही" म्हटलं असतं तरी झालं असतं. जीपवाला खाली होता, वाटेवर दुसरं कोणी नव्हतं, आणि यांना कधीच कळलं नसतं. मनात म्हटलं, देव तरी कुठे उलटतपासणी घेतो?

"काय दिसतंय?" यांनी विचारलं.

माझ्या तोंडून खरंच निघालं. "डावा बुरूज दिसतोय. डागाएवढा. वरचं काही कळत नाही. काठी असती तर दिसली असती की नाही, मी नाही सांगू शकत."

मला वाटलं यांचा चेहरा पडेल. यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, "आज तू हे सांगितलंस ना, म्हणून आता कालचं आणि परवाचंही खरं." आणि तसाच धरून ठेवला. कोणी बघत नव्हतं, पण असतं तरी मी सोडवला नसता.

९ ऑक्टोबर

निघताना यांनी खाणावळीतल्या बाईंना बसायला सांगितलं. म्हणाले, "तुमचा नायक शूर होता की नाही, मला माहीत नाही. तो खोटं बोलत होता असं मी लिहिलं, ते मात्र चूक होतं. तीन सकाळी पाहिलं. निशाण न दिसणं अगदी शक्य आहे. मी पुस्तकात तसं छापीन."

बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "मुलगा आता शहरात नोकरीला आहे. पुस्तक निघालं की एक पाठवाल? त्याला मीच नेऊन देईन." आणि पैसे घ्यायचे विसरल्या. मी टेबलावर ठेवून आले.

१५ ऑक्टोबर

घरी आल्यापासून हे सांगतात आणि मी लिहिते. लेकीला सगळं सांगितलं. फोनवर रडली. म्हणाली, आता तरी इकडे या. मी म्हटलं, टेबल मावत नाही. तिला वाटलं मी चेष्टा करतेय.

शिवणाचा डबा उपसला. पायदळाला चपटी बटणं, घोडेस्वारांना बुडाला कडी असलेली, तोफांना लाकडी. हे बोटांनी चाचपून पाहतात आणि पटापट ओळखतात. ओढणीच्या काठावर दोरा भरलाय. आता कुमक नदीत बुडत नाही.

२४ ऑक्टोबर

प्रकाशक आले आणि बिथरले. "सर, ते वाक्य काढायचं? अहो, त्या वाक्यावर पुस्तक उभं आहे."

"काढत नाही," हे म्हणाले. "मी ते लिहिलं होतं, लोकांना कळू दे. त्याच्याखाली नवं येईल."

"लोक म्हणतील, लेखकाला स्वतःचंच खात्रीने माहीत नाही."

"बरोबर म्हणतील," हे म्हणाले आणि चहा मागितला. प्रकाशक माझ्याकडे आशेने बघायला लागले. मी चहा आणायला गेले.

नव्या भागात खिंडीतल्या तीन सकाळींचं वर्णन आहे. ते यांनी मला लिहायला लावलं. मी म्हटलं, मला लिहिता येत नाही, तुम्ही नीट करून घ्या. पण माझी वाक्यं यांनी होती तशीच ठेवली, ताक घुसळल्यासारखं धुकंसुद्धा. आळस, दुसरं काय. शेवटची ओळ तेवढी यांची आहे. "नायक म्हणाला होता, निशाण दिसलं नाही. आम्हालाही दिसलं नाही." मी म्हटलं, पुस्तक तुमचं, तिथे 'मला' हवं. हे म्हणाले, प्रकाशकांकडे गेलं आता, राहू दे.

टेबलावर कुमकेच्या पुढे अजून ते तुटकं बटण होतं. मी ते काढलं आणि यांच्या शाळेच्या कोटाचं पितळी बटण कापून तिथे ठेवलं. यांनी बोटं फिरवली, उचललं, अंगठ्याने घासलं. "हे माझ्या कोटाचं."

"हो."

"मग कोट?"

"एक बटण कमी. तसंही कोण बघतंय तुम्हाला?"

परत जागेवर ठेवलं. सरळ बसलंय ना, ते दोनदा चाचपून पाहिलं.

२ नोव्हेंबर

पुस्तक छापायला गेलं. आता कामाला काही नाही, तरी रोज सकाळी गॅलरीत चहा घेताना यांचं चालूच, समोर काय दिसतंय ते सांग. मी सांगते. दूधवाला गेला, समोरच्यांनी गाद्या वाळत टाकल्या, कुत्रं कचऱ्याच्या डब्यात शिरलं. एवढ्या सगळ्याचं काय करणार आहेत हे, देव जाणे. बहुतेक नवीन पुस्तक डोक्यात असावं.

आज धुकं पडलं होतं. मी म्हटलं, आज सुट्टी. काही दिसत नाही.

"मग जवळचं सांग."

"जवळ एक म्हातारा बसलाय. कोटाला एक बटण नाही. मिशीला चहा लागलाय."

यांनी मिशी पुसली. "आणि त्याच्या शेजारी?"

"शेजारचं मला कसं दिसणार? इथे आरसा नाही."

"मला दिसतं कडेकडेचं," हे म्हणाले. "तिने केस कापलेत. केव्हाचेच."